एजिसूच्या रस्त्यावर मामाची जीप

अगं ऐक ना, बिरागो, ऐक आधी, ते मशीन बंद कर दोन मिनिटं — गिऱ्हाईक येईल परत, अर्ज कुठे पळून जात नाहीत, कुमासीत अर्ज लिहिणारे काय आज संपणारेत? — सरक, बसू दे मला. पाणी आहे? दे. आई शप्पथ, काय झालं आज!  माझा मामा. हो, तोच, अम्पोफोमामा, सूटवाला, शिक्षणखात्यातला, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा — तो आज सकाळी एजिसूच्या रस्त्यावर, भर बाजारात, दोन्ही हातांनी बाटली धरून माझ्यासमोर उभा होता. माझ्यासमोर! मी अशी, डांगरी घातलेली, कानामागे टेस्टर खोचलेला, आणि तो पांढऱ्या-निळ्या भरजरी कापडात, पायात राजासारख्या चपला. आणि सगळ्या पाववाल्या, पाणीवाल्या, मोटारसायकलवाले गोल करून बघतायत. तुला काय सांगू. तीन वर्षं मी हे स्वप्नात बघितलंय, आणि स्वप्नात सुद्धा इतकं छान झालं नव्हतं.

नाही, पहिल्यापासून सांगते, थांब. साडेआठला मला ओपोकूचा फोन. मामेभाऊ गं, मामाचा मोठा. आज त्याच्या होणाऱ्या बायकोकडे दार वाजवायला, म्हणजे मागणी घालायला जायचं होतं ना त्यांना, कोनोंगोला — मुलीचं नाव बोआतेमा, दाखवला नव्हता का मी तुला फोटो, गालावर खळी, दात असे — हां, तीच. तर बाकीचे नातेवाईक पहाटेच बसनं पुढे गेलेले, आणि जीपमध्ये मामा, मामी, ओपोकू, आणि मागे मागणीच्या दारूच्या, श्नॅप्सच्या, दोन बाटल्या. आणि जीप एजिसूला बंद. मेली. किल्ली फिरवली की टक् नाही, टुक् नाही. आणि तिकडे मुलीकडचे म्हातारे किती कडक, ठाऊके? दहा म्हणजे दहा, उशीर केला तर दंड, आणि दंड भरूनही तोंड वाकडं. ओपोकू म्हणतो, सेरवा, तू ये, तूच ये, दुसऱ्या कुणाला आणलं तर तो आधी अर्धी गाडी खोलून ठेवेल. मी म्हटलं, मामा आहे ना बरोबर? तो म्हणाला, आहे. मी म्हटलं, त्याला माहितीये मला बोलावतोयस ते? तर म्हणतो, ये गं, पण आज काही बोलू नकोस. एवढंच बोलला. आज काही बोलू नकोस.

आणि मी हो म्हटलं. हो म्हटलं होतं मी, हां, ते खरंय.

तुला सगळं माहितीये, तरी परत सांगते, कारण मला परत एकदा चिडायचंय. बारावीचा निकाल लागला तेव्हा मामानं अख्खं घरदार गोळा केलं. आपल्यात मामाच ना सगळं, बापाला कोण विचारतं, बाप कपडे घेऊन देतो आणि मामा आयुष्य ठरवतो. तर मामा उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या घरातली पहिली मुलगी युनिव्हर्सिटीत जाणार, अकाउंट्स शिकणार, मी स्वतः फॉर्म आणलाय. टाळ्या. आणि मी, सतरा वर्षांची गाढव, उभी राहिले आणि म्हटलं, मामा, मला सुआमेच्या गॅरेजांत जायचंय, ग्यामफी उस्तादाकडे, गाड्यांचं इलेक्ट्रिक शिकायला. मी ठरवलेलंच होतं गं. सुट्टीत तिथे पाण्याच्या पिशव्या विकायचे ना मी, तेव्हा बघितलेलं — एक मिनीबस होती, तीन गॅरेजांनी हात टेकलेले, सगळे म्हणाले भंगारात काढा — आणि उस्तादानं एक वायर पकडली, नुसती बोटांनी चाचपत गेला, आंधळा माणूस भिंत चाचपतो तसा, आणि एका ठिकाणी थांबला, म्हणाला, इथं. आणि डॅशबोर्ड पेटला. सगळे दिवे एकदम. माझ्या अंगावर काटा. मला वाटलं, हे मला यायला पाहिजे. मला हेच यायला पाहिजे, दुसरं काही नाही आलं तरी चालेल.

आणि मामा काय म्हणाला? हळू नाही हां, सगळ्यांसमोर. म्हणाला, आमच्या घरच्या मुली गाडीत बसतात, गाडीखाली झोपत नाहीत. आणि हसला. त्या हसण्यात काय होतं ते तुला कळतंय, मला कळलं, माझ्या आईला कळलं, तिनं मान खाली घातली ती अजून वर नाही केलेली. त्या दिवसापासून मी नाहीच. कुणाच्या मयतीला गेलो आणि कुणी विचारलं, अम्पोफो, भाच्या किती? तर म्हणायचा, दोन. मी तिथेच! पेल्यात पाणी ओतत! दोन म्हणे.

पण ते सोड. ते मी सोडलं असतं. उस्तादानं मला शिकवून सोडलं तो दिवस, माझी मोकळीक, ठाऊके ना तुला? तू नव्हतीस, तुझी फायनलची परीक्षा होती — ती डिग्री, जी घेऊन तू आता दुसऱ्यांचे अर्ज टाइप करतेस — ए सॉरी, सॉरी, तोंडातून गेलं, मारू नकोस. तर मोकळीक. तीन वर्षं स्पॅनर पुसले, उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या, हिवताप घेऊन बॅटऱ्या उचलल्या. शेवटी उस्ताद म्हणाला, झालीस तू तयार, घरच्यांना बोलाव. आता पद्धत काय, घरातला वडीलधारा येतो, बाटली पुढे करतो, म्हणतो, उस्ताद, आमची मुलगी तुम्ही घेतलीत, माणूस केलीत, आम्ही तिला न्यायला आलोय. मग उस्ताद डोक्यावर हात ठेवतो, पावडर उधळतात, आणि मग तू कारागीर. घरचा कुणी आलाच नाही तर? तर उस्ताद सोडणार कुणाच्या हाती? माल आहे का तो, कुणीही उचलून न्यावा?

मी आईला घेऊन मामाच्या पाया पडायला गेले होते. तो म्हणाला, बघू. बघू म्हणजे येणार, असं आई म्हणाली. सकाळी नऊला मी पांढरे कपडे घालून गुडघ्यावर बसले. दहा. अकरा. बाकीच्या दोन मुलांचे मामा आले, पावडर उडाली, ढोल, नाच, ते गेलेसुद्धा. मी बसलेली. साडेबाराला ओपोकू आला. धावत, घामानं भिजून, हातात बाटली. म्हणाला, उस्ताद, मी घेतो हिला. आणि उस्ताद, बिचारा, तो तरी काय करणार, म्हणाला, बाळा, तू हिच्या वयाचा, त्यात तू मामाचा मुलगा, कूळ आईकडून चालतं, तू हिच्या कुळातला पण नाहीस, मोठं माणूस आण. ओपोकू तिथेच उभा राहून रडला. मी नाही रडले. तो रडला. मग दोन वाजता तो अल्हाजी आला, समोरचा टायरवाला, उत्तरेकडचा, ज्याची भाषा पण वेगळी नि देव पण वेगळा, दारूला हात न लावणारा म्हातारा — तो बिनदारूच्या माल्टच्या दोन बाटल्या घेऊन आला आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, उस्ताद, ही मुलगी रोज मला सलाम करते, मी हिचा मोठा. असा मी कारागीर झाले. टायरवाल्याच्या भरवशावर. पावडर पडली डोक्यावर तेव्हा माझ्या पायांना इतक्या मुंग्या आलेल्या की मला उठताच येईना, दोघांनी उचललं.

तर, एजिसू. मी मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून गेले, पिशवी पोटाशी. उतरले तर मामा रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभा. मला बघितलं. तोंड असं झालं, जसं कुणी भातात खडा लागल्यावर करतं. ओपोकूला म्हणाला, दुसरं कुणी नव्हतं? मी म्हटलं, नमस्कार मामा. मामी म्हणाली, आलीस बाई, बरं झालं. आणि मामा म्हणाले — नाही, म्हणाला, आज मी त्याला अहो-जाहो करणार नाही, आज सुट्टी — म्हणाला, किती वेळ लागेल ते तेवढं सांग, गप्पा नकोत.

आता ऐक, ही मजा. मी गाडीत डोकं घातलं आणि मला दोन मिनिटांत कळलं. दोन पण नाही. परदेशातून आलेल्या ह्या जुन्या जीपना बंदरावरचे लोक चोरीच्या भीतीनं सीटखाली एक छुपं बटण बसवतात, ते दाबलं की गाडीचा जीवच जातो. मालकांना पण ठाऊक नसतं अर्ध्यांना. ह्यांनी एजिसूला थांबून मुलीकडच्यांसाठी सोड्याची क्रेट घेतलेली आणि मामीनं ती पायाशी, सीटला खेटून ढकलून ठेवलेली. क्रेट बटणावर. बस. क्रेट उचलायची, बटण वर करायचं, जा कोनोंगोला, मुलीकडच्यांना माझा नमस्कार सांगा.

आणि मी काय केलं? मी बॉनेट उघडलं. हो. हसू नकोस. मी बॉनेट उघडलं, मीटर लावलं, भुवया वर केल्या. फ्यूजचा डबा काढला, एकेक फ्यूज उन्हात धरून बघितला. च् च् केलं. मामा घड्याळ बघतोय. सव्वानऊ. साडेनऊ. बसमधल्यांचे फोन येतायत, आम्ही आंब्याखाली बसलोय, घरात घेत नाहीत तुमच्याशिवाय, कुठे आहात. मामीनं मुलीकडे फोन केला, गाडी बिघडलीये, रागावू नका. दहा. सव्वादहा. मामाच्या कापडाला काखेत घाम. ओपोकू येरझाऱ्या घालतोय, शेवटी तो पेट्रोलपंपाकडे गेला, टॅक्सी मिळते का बघायला, शनिवारची कुठली टॅक्सी, सगळ्या मयतींना गेलेल्या. आणि मामा माझ्याजवळ आला आणि पहिल्यांदा, पहिल्यांदा हां, इतक्या वर्षांत, माझं नाव घेतलं. सेरवा, म्हणाला, होईल ना?

मी म्हटलं, होईल. पण मामा, माझी मोकळीक अर्धी राहिलीये. कारागिराला घरच्यानं घेतलंच नसेल तर त्याच्या हाताला यश कसं येणार? हे मी तिथल्या तिथे बनवलं हां, असं काही नसतं. म्हटलं, मागे दोन बाटल्या आहेत ना, त्यातली एक काढा. दोन्ही हातांनी धरा. आणि त्या दिवशी उस्तादाला जे म्हणायचं होतं ते आज मला म्हणा.

तो म्हणाला, वेड लागलंय का तुला, ती बाटली दुसऱ्याच्या दारची आहे. मी मीटर पिशवीत टाकलं.  मामी म्हणाली, अहो म्हणा ना, म्हणून टाका, काय जातंय.

आणि त्यानं काढली. बिरागो, त्यानं बाटली काढली! तोपर्यंत लोक जमलेलेच, एजिसूच्या पाववाल्या म्हणजे, तमाशा असला की डोक्यावरची पाटी पण जड होत नाही त्यांना. तो पुटपुटला काहीतरी. मी म्हटलं, मामा, ऐकू नाही आलं. एक पाववाली म्हणाली, मागे पण ऐकू येऊ दे, म्हातारबा. हशा. आणि तेव्हाच, तेव्हाच एक टॅक्सी थांबली, कोनोंगोकडून आलेली, आणि त्यातून एक बाई उतरली, जाडजूड, चष्म्याला सोनेरी साखळी. येऊन गर्दीत मागे उभी राहिली.

मामानं पुन्हा सुरू केलं. ही माझ्या बहिणीची मुलगी, म्हणाला. तीन वर्षांपूर्वी हिच्या उस्तादासमोर मी उभं राहायला पाहिजे होतं. मी राहिलो नाही. मी म्हटलं, आणि? म्हणाला, आणि लोकांनी विचारलं की भाच्या किती, तर हिला धरत नव्हतो. मी म्हटलं, मोठ्यानं, मामा. अजून मोठ्यानं. सगळं परत. पहिल्यापासून. आणि त्यानं परत म्हटलं, मोठ्यानं, चर्चमध्ये वचन वाचतो तसं, शब्द न् शब्द. 

काय? कोण बाई? ती — अगं असेल कुणीतरी. बरं. बरं, सांगते. बोआतेमाची मावशी होती ती. मुलीकडच्यांनी पाठवलेली, गाडी खरंच बिघडलीये की थापा मारतायत ते बघायला. मामा तिला ओळखत नव्हता, मामीची तिकडे पाठ. मी ओळखत होते. ओपोकूनं फोनवर दाखवलेली ना सगळी मंडळी, ही आई, हा काका, ही मावशी, हिच्याशी जपून हां, घरात हिचंच चालतं. टॅक्सीतून उतरली तेव्हाच ओळखलं मी. म्हणूनच तर म्हटलं, परत. पहिल्यापासून. मोठ्यानं. — असं बघू नकोस माझ्याकडे. तीन वर्षं, बिरागो! माझे गुडघे!

ओपोकू तेवढ्यात पंपाकडून आला. त्यानं मावशीला बघितलं. मग मला बघितलं. आणि मी तिला ओळखलंय, हे त्याला कळलं.  मावशी टॅक्सीत बसली आणि टॅक्सी उलटी वळून गेली कोनोंगोला.

मग मी पुढचं दार उघडलं, क्रेट उचलली, बटण वर केलं. किल्ली फिरवली. घर्र. पाववाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मामी म्हणाली, एवढंच होतं? मी म्हटलं, एवढंच होतं, मामी. तेव्हाही एवढंच होतं. — कसलं भारी बोलले ना मी? मोटारसायकलवर येताना सगळा रस्ता तेच म्हणत होते मनात.

एक राहिलं. ते मी कुणाला सांगणार नाहीये. बाटली परत पिशवीत ठेवताना मामा माझ्या कानाशी म्हणाला, हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं, म्हणाला, मी आलो होतो त्या दिवशी. गेटपर्यंत. तुझ्यासमोर तो टायरवाला उभा राहिलेला बघितला आणि मागे फिरलो. — खोटं असेल. खोटंच असणार ना? माणूस अडकला की काय वाटेल ते बोलतो. पण अल्हाजी उभा राहिला हे त्याला कुणी सांगितलं, ओपोकूनं सांगितलं असेल, हो ना, ओपोकूनंच. आणि आलाच होता तर अजून वीस पावलं चालायला काय झालं होतं? वीस पावलं! उलट जास्त राग आला मला. खरंच.

झालं, मला वाटलं संपलं. मस्त आले, उस्तादाला सांगितलं, उस्ताद हसला नाही, जरा नवलच वाटलं. आणि साडेबाराला ओपोकूचा फोन. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यांनी बाटल्या घेतल्याच नाहीत. उंबऱ्याबाहेर ठेवायला लावल्या. मुलीच्या मामानं सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, जो माणूस स्वतःच्या बहिणीच्या लेकीसाठी उभा राहत नाही, तो उद्या आमच्या लेकीवर वेळ आली तर उभा राहील? ह्यांनी काय सांगावं? उत्तर एजिसूच्या बाजारात देऊन आलेले. बोआतेमा आतल्या खोलीत रडतीये. शेवटी मावशीच म्हणाली, त्या मुलीला आणा. त्या वायरवालीला. तिनं आमच्या ओट्यावर उभं राहून आपल्या तोंडानं सांगावं, हा माझा मोठा आहे, मी ह्याला मानते. मग दार उघडू. चारच्या आत, नाहीतर बाटल्या घेऊन जा आणि परत येऊ नका.

ओपोकू म्हणाला, सेरवा, तुला जे बोलायचंय ते बोल, पण ये. तेवढंच. मग चौदा मिस्ड कॉल, हे बघ.

आणि आता ऐक — नाही, बाहेर डोकावू नकोस, दिसशील. ती जीप आमच्या गॅरेजच्या गेटाशी उभी आहे. चांदीच्या रंगाची, तीच. मामा आलाय. एकटा, स्वतः चालवत. अर्धा तास झाला. उतरत नाही, हॉर्न वाजवत नाही, कुणाला विचारत नाही, नुसता स्टेअरिंगवर हात ठेवून बसलाय. मी मागच्या वाटेनं इकडे आले. म्हटलं बिरागोला सांगू, हसू दोघी.

मी गेले तर काय म्हणायचं त्या ओट्यावर? की हा माझा मोठा आहे? जीभ वळेल माझी? मग तो सुटला, झालं, उद्या परत पहिल्या बाकावर. आणि नाही गेले, तर तो जन्मभर असाच बसेल तिथे, आणि ते मला हवंय, तुला खोटं नाही सांगत, मला ते अजून हवंय — पण मग ओपोकू. ओपोकूनं काय केलंय गं माझं? बाटली घेऊन धावत तर तोच आला होता.

पावणेतीन झाले. कोनोंगोला तास तरी लागतो. वाजतोय बघ परत. तू काय केलं असतंस? बोल ना, बिरागो, तू असतीस तर काय केलं असतंस?